ओरडणाऱ्याकडे नंतर

घाटात बस कलंडली आहे. आत पंचवीस-तीस माणसं होती. कुणी रस्त्यावर बसून डोकं धरलंय, कुणी हात मोडला म्हणून किंचाळतंय, एक बाई मुलाचं नाव घेऊन हाका मारते आहे, आणि गटाराच्या कडेला एक तरुण नुसता पडून आहे, अवाक्षर न काढता. तुम्ही रुग्णवाहिकेतून उतरलात. पहिलं काम काय?

हा प्रश्न माझ्या भाचीच्या वहीतला. ती इमर्जन्सी मेडिकल टेक्निशियन होण्यासाठी शिकत होती (आता सगळे नुसतं ‘ईएमटी’ म्हणतात), तेव्हा सुट्टीत आमच्याकडे गोव्यात वाळपईला यायची आणि मी तिची उजळणी घ्यायची. माझा जन्म प्राथमिक शाळेत मराठी शिकवण्यात गेला. निवृत्त झाल्यावरही प्रश्न विचारायची खोड जात नाही, आणि इथे तर वहीच समोर होती. शेजारच्या वहिनी, दूध घालणारा मुलगा, माझे यजमान, सगळ्यांना मी तो बसचा प्रश्न घालून पाहिला. सगळे धावले ते किंचाळणाऱ्याकडे किंवा त्या आईकडे. गटाराकडे कुणी वळलंच नाही.

वहीतलं उत्तर वेगळं होतं. कुणालाही हात लावायच्या आधी मोठ्याने सांगायचं, ‘ज्यांना चालता येतंय त्यांनी त्या आंब्याखाली जाऊन बसा.’ एवढ्या एका वाक्याने निम्मी गर्दी बाजूला होते. जे उठून चालत गेले त्यांचं डोकं, हृदय, पाय निदान या घटकेला तरी काम देताहेत. ते हिरवे, म्हणजे थांबू शकणारे. मग उरलेल्यांकडे वळायचं. श्वास चालू आहे का? नसेल तर श्वासमार्ग मोकळा करून बघायचं. सुरू झाला तर लाल पट्टी, म्हणजे सगळ्यात आधी हा. मिनिटाला तीसच्या वर श्वास, मनगटाला नाडी लागत नाही, ‘माझं बोट दाब’ म्हटलेलं कळत नाही, यातलं एक जरी असलं तरी लालच. बाकीचे पिवळे, लालनंतरचे. एका माणसावर एक मिनिटही घालवायचं नाही. आणि श्वासमार्ग मोकळा करूनही ज्याचा श्वास आलाच नाही, त्याला काळी पट्टी लावून पुढच्याकडे जायचं. ही पद्धत १९८३ मध्ये कॅलिफोर्नियातल्या न्यूपोर्ट बीच इथे बसवली गेली. जखमींची निवड त्यांच्या हुद्द्यावर न करता जखमेच्या गांभीर्यावर करावी, हा विचार मात्र त्याहून जुना. नेपोलियनच्या सैन्यातला शल्यवैद्य डॉमिनिक झाँ लारे याने तो अठराव्या शतकाच्या अखेरीस रणांगणावर आणला, आणि जखमींना तातडीने उचलून आणणाऱ्या घोडागाड्याही त्यानेच सुरू केल्या.

‘ओरडायला श्वास लागतो, मावशी,’ भाची म्हणाली. ‘जो ओरडतोय त्याची श्वासनलिका उघडी आहे, फुप्फुसात हवा जातेय, मेंदूला रक्त पोचतंय. त्याचं दुखणं खरं आहे, पण त्याच्याकडे वेळ आहे. गप्प पडलेल्याकडे नाही.’

तेव्हापासून मी या शिक्षणाकडे वेगळ्या नजरेने बघते. त्याआधी माझी समजूत अशी की रुग्णवाहिकेवरचं काम म्हणजे स्ट्रेचर उचलणं, ऑक्सिजनची नळी लावणं आणि ड्रायव्हरला ‘पळव’ म्हणणं. त्यात शिकायचं काय? बारावीनंतर मुलीने हे क्षेत्र निवडलं तेव्हा माझ्या बहिणीनेही कपाळाला हात लावला होता. नर्सिंग तरी घे, म्हणत होती. पण वही चाळत गेले तसं लक्षात आलं, की औषधांची नावं आणि हाडांची नावं हा त्या अभ्यासाचा सोपा भाग आहे. अवघड भाग आहे तो माणसाचा उपजत कल मोडून काढण्याचा. आवाज होतो तिकडे मान वळणं हा आपला स्वभाव. तो मोडायचा, आणि जिथून आवाज येत नाही तिकडे आधी बघायला शिकायचं.

वहीत पानोपानी तेच सापडत गेलं. दम्याच्या रुग्णाची छाती सूं-सूं वाजते तोवर हवा आत-बाहेर करतेय. झटका जोरात असतानाच ती अचानक वाजेनाशी झाली तर घरचे म्हणतात, बरं वाटतंय बघा. ईएमटीच्या पोटात मात्र गोळा येतो, कारण आता वाजण्याइतकीही हवा जात नाही. हृदयविकाराचा झटका म्हणजे छातीवर हात आवळून कोसळणं, हे आपण नाटक-सिनेमात बघितलेलं. पण मधुमेही माणसाला, विशेषतः वयस्क बायकांना, छातीत कळच येत नाही असंही होतं. नुसता घाम, धाप, मळमळ, अस्वस्थपणा. ‘काही नाही गो, गॅस झालाय’ म्हणून ती बाई जिरं-ओवा खाऊन पडून राहते. समुद्राचंही तसंच. बुडणारा माणूस हात हलवून ‘वाचवा’ म्हणत नाही. तोंड पाण्यावर येतं तेवढ्यात त्याला श्वास घेण्यापुरतीच उसंत असते, हाका कुठल्या मारणार? कळंगुट-बागाच्या किनाऱ्यावर चार हातांवर मित्र सेल्फी काढत असतात आणि बुडणाऱ्याचा त्यांना पत्ता लागत नाही. किनाऱ्यावरचे जीवरक्षक म्हणूनच पाण्याकडे डोळे लावून बसतात; कानांचा तिथे उपयोग नाही. बुडालेल्याला बाहेर काढल्यावर नुसती छाती दाबूनही भागत नाही. त्याचं हृदय हवेवाचून थांबलेलं असतं, म्हणून त्याला आधी श्वास द्यावे लागतात.

आणि रस्त्याच्या कडेला पडलेला माणूस. गोव्यात त्याच्याबद्दलचं निदान पादचारीच करून टाकतात: सोरो (दारू) घेतलाय. असेलही घेतलेला. पण रक्तातली साखर एकदम उतरली की माणूस तसाच झोकांड्या खातो, तसंच अडखळत बोलतो, चिडतो, मग निपचित पडतो. बोटाला सुई टोचून साखर बघायला मिनिटभर लागतं. घेतलेला असला तरी त्याच्या डोक्याला मार लागला नाही कशावरून? भाचीच्या वहीत एका पानावर लाल शाईने लिहिलं होतं, ‘दारूचा वास हे निदान नाही.’ हे वाक्य गोव्याच्या प्रत्येक तालुक्याच्या बसस्टँडवर रंगवावं असं मला फार वाटतं.

नियम मात्र आंधळेपणाने चालवायचा नसतो, हेही त्याच वहीत होतं. आमच्या सत्तरी तालुक्यात काजूचा हंगाम म्हणजे मार्च ते मे. सकाळी सकाळी बायका-पुरुष पाचोळ्यातून बोंडं गोळा करत फिरतात आणि पाचोळ्यात घोणस असते. घोणस चावलेला माणूस वेदनेने ओरडतो, पाय सुजत जातो. तो ओरडतोय म्हणून त्याला नंतर बघू, असं म्हणून चालत नाही. त्याचं रक्त गोठेनासं होत असतं. याच्या उलट मण्यार. ती बहुधा रात्री, जमिनीवर झोपलेल्याला चावते. दुखत नाही, सूज नाही, कित्येकदा दाताची खूणही दिसत नाही. पहाटे माणूस पोटात दुखतंय म्हणतो, मग त्याच्या पापण्या जड होतात, गिळता येईनासं होतं, आणि शेवटी श्वासाचे स्नायू थकतात. अशा रुग्णाला इस्पितळ गाठेपर्यंत जिवंत ठेवतो तो मागे बसलेल्या ईएमटीचा हात. तोंडावर मास्क घट्ट धरून तो दर काही सेकंदांनी अंबू बॅग, म्हणजे फुप्फुसात हवा भरणारी रबरी पिशवी, दाबत राहतो, वाटभर. फीत आवळून बांधणं, ब्लेडने कापणं, रक्त चोखणं, यातलं काही करायचं नाही. साप मारून पिशवीत घालून आणायचीही गरज नाही. नाग, मण्यार, घोणस, फुरसं या चौघांवर एकच प्रतिविष चालतं, आणि घोणस-फुरशाच्या विषाने रक्त बिघडलंय का हे काचेच्या कोरड्या नळीत वीस मिनिटं रक्त ठेवून कळतं. रानातल्या चापड्यासारख्या सापांवर ते प्रतिविष लागू पडत नाही, ही एक कटकट आहेच.

यातलं काहीही करण्याआधी वहीत आणखी एक पायरी होती, आणि ती मला सुरुवातीला जरा स्वार्थी वाटली: आधी स्वतःची सुरक्षितता. जागा धोक्याची आहे का बघ, मगच पाऊल टाक. पावसाळ्यात तुटून पडलेली विजेची तार, उताराला लागलेला ट्रक, विषारी वायू साठलेली विहीर. विहिरीत किंवा सेप्टिक टँकमध्ये एक उतरतो, बेशुद्ध होतो, त्याला काढायला दुसरा उतरतो, मग तिसरा. अशा बातम्या दरवर्षी पेपरात वाचतोच आपण. दुसरा आणि तिसरा माणूस मायेपोटीच उतरलेला असतो. मायेला थांब म्हणायला शिकवणं हे या शिक्षणाचं पहिलं पान आहे आणि ते पचायला सगळ्यात जड आहे.

हे सारं शिकवून तयार होणारी माणसं जगात फार जुनी नाहीत, याचं मला आश्चर्य वाटलं. अमेरिकेसारख्या देशात १९६० च्या दशकापर्यंत कित्येक गावांत रुग्णवाहिका चालवायचे ते अंत्यविधी करणारे. कारण सोपं होतं: माणूस आडवा मावेल अशी लांब गाडी गावात त्यांच्याकडेच असायची. उपचार वगैरे काही नाही, नुसतं उचलून न्यायचं. १९६६ मध्ये तिथल्या राष्ट्रीय विज्ञान अकादमीने अपघाती मृत्यूंवर एक अहवाल काढला, आणि त्यातून हा प्रश्न चव्हाट्यावर आला. त्याच सुमारास बेलफास्टमध्ये फ्रँक पँट्रिज या डॉक्टरने हृदयाला झटका देणारं यंत्र रुग्णवाहिकेत चढवलं. इस्पितळच रुग्णाकडे न्यायचं, ही त्याची कल्पना.

पण माझ्या मनात घर करून राहिली ती पिट्सबर्गची गोष्ट. तिथल्या हिल डिस्ट्रिक्ट या कृष्णवर्णीय वस्तीत कुणी आजारी पडलं तर पोलिसांची गाडी यायची. माणसाला मागे टाकायचे, पोलीस दोघेही पुढे बसायचे, आणि मागे कुणी नाही. वाटेत तो गुदमरला तरी कळायचं नाही. पीटर सफार हा भूलशास्त्राचा डॉक्टर त्याच शहरात होता. तोंडाने श्वास देणं आणि छाती दाबणं यांची सांगड घालून आज आपण ज्याला सीपीआर म्हणतो ते घडवणाऱ्यांत त्याचं नाव पहिल्या रांगेत घेतलं जातं. १९६६ मध्ये त्याची स्वतःची लहान मुलगी दम्याच्या झटक्याने गेली. दुसऱ्याच वर्षी फ्रीडम हाउस या संस्थेबरोबर त्याने त्या वस्तीतली बेकार तरुण मुलं निवडली. कुणी शाळा सोडलेली, कुणी व्हिएतनामच्या युद्धातून परतलेली. त्यांना त्याने सुमारे ३०० तासांचं शिक्षण दिलं: शरीररचना, श्वासमार्ग, प्रसूती, हृदयविकार. ज्यांना शहराने ‘कामाची नाहीत’ म्हणून बाजूला टाकलं होतं ती मुलं देशातल्या पहिल्या पॅरामेडिकांपैकी, म्हणजे रुग्णवाहिकेतच उपचार करणाऱ्यांपैकी, झाली. पुढे नॅन्सी कॅरोलाइन ही डॉक्टर त्यांच्याबरोबर गाडीतून फिरली, आणि तिथल्या कामातून तिने आखलेला अभ्यासक्रम साऱ्या देशात गेला. १९७५ मध्ये मात्र शहराने ही सेवा बंद करून आपली स्वतःची सुरू केली, आणि ज्यांनी हे सगळं रस्त्यावर सिद्ध करून दाखवलं होतं त्यांतले बरेचसे त्यातून हळूहळू बाहेर पडले. मी शिक्षिका आहे, त्यामुळे या गोष्टीत मला सगळ्यात आधी ते ३०० तास दिसतात. मुलं तीच, वस्ती तीच. फरक पडला तो शिकवण्याने.

आपल्याकडे १०८ ची रुग्णवाहिका सेवा १५ ऑगस्ट २००५ रोजी हैदराबादेत सुरू झाली. गोव्यात ती २००८ मध्ये आली. त्याआधी आमच्या गावात कुणी आजारी पडलं की आधी ‘गाडी कुणाकडे आहे’ हा शोध व्हायचा. भाड्याची व्हॅन, खाणीवरची जीप, देवस्थानाच्या अध्यक्षांची मारुती. माझ्या पिढीतल्या माणसांना ५ जुलै १९८६ आठवतो. मांडवीवरचा पूल कोसळला, आणि बार्देश-डिचोली-पेडण्याकडून पणजीच्या मेडिकल कॉलेजला, म्हणजे तेव्हा कांपालला, जायचं तर पुन्हा फेरीबोट किंवा मोठा वळसा. नवा पूल व्हायला काही वर्षं गेली. आजही दिवाडीच्या माणसाला इस्पितळ गाठायचं तर आधी फेरीबोट गाठावी लागते. मेडिकल कॉलेज पुढे बांबोळीला गेलं. १८४२ मध्ये सुरू झालेल्या वैद्यकीय शाळेचा वारसा सांगणारी ही संस्था, आणि सगळ्या गोव्याची शेवटची आशा तीच. वाळपईहून ती चाळीसहून अधिक किलोमीटर. वरच्या गावांतून त्याहून कितीतरी लांब.

म्हणूनच आमच्या भागात वाटेत काय होतं याला एवढं महत्त्व. आता ‘स्टेमी गोवा’ प्रकल्पात (स्टेमी म्हणजे हृदयाची रक्तवाहिनी गुठळीने बंद पडून येणारा झटका) तालुक्याच्या केंद्रावरच ईसीजी काढतात, तो तज्ज्ञांकडे पाठवतात, आणि खरंच झटका असेल तर गुठळी विरघळवणारं इंजेक्शन तिथल्या तिथे देऊन मग रुग्णाला पुढे हलवतात. ‘आधी बांबोळीला पळवा’ ही आमची जुनी रीत इथे उलटी झाली आहे. हृदयाच्या स्नायूला घाटरस्त्याशी कर्तव्य नसतं; रक्त लवकर पोचणं एवढंच त्याला कळतं. अपघातातल्या रक्तस्रावाचं मात्र उलट: जागेवर जे थांबवता येईल ते थांबवून तडक शल्यकक्षाकडे निघायचं, सलाइन लावण्यासाठी तिथे थांबून राहायचं नाही. कधी थांबायचं आणि कधी निघायचं, हे ठरवणं हीच या माणसांची खरी विद्या. ‘गोल्डन अवर’ हा शब्द बाल्टिमोरच्या आर. अॅडम्स काउली या शल्यविशारदामुळे जगभर गेला. आपल्या मोटार वाहन कायद्यात २०१९ च्या दुरुस्तीने त्याची व्याख्याही आली: दुखापतीनंतरचा एक तास. पण साठ मिनिटं हा आकडा काही काटेकोर संशोधनातून निघालेला नाही. कुणाला पाच मिनिटं असतात, कुणाला पाच तास.

१०८ च्या गाडीत दोघं असतात. चालवणाऱ्याला तिथे ‘पायलट’ म्हणतात आणि मागे असतो ईएमटी. लोकांना दिसतो पायलट आणि ऐकू येतो सायरन. दार बंद झाल्यावर मागच्या माणसाचं काय चाललंय ते कुणाला दिसत नाही. नातेवाईक त्याला डॉक्टर म्हणतात. आमच्या भाचीला एका ख्रिस्ती आजीने उतरताना ‘देव बरें करूं, दोतोर’ (धन्यवाद, डॉक्टर) म्हटलं. ती डॉक्टर नाही हे तिला सतत लक्षात ठेवावं लागतं. नियंत्रण कक्षातला डॉक्टर फोनवर असतो. कोणतं औषध स्वतःच्या अधिकारात द्यायचं आणि कोणतं त्याला विचारून, याच्या रेषा आखलेल्या असतात. पण फोनवरच्या डॉक्टरला रुग्ण दिसत नाही. तो बघतो ते ईएमटीच्या शब्दांतून.

आणि इथे माझा विषय आला. मी वर्षानुवर्षं मुलांना सारांशलेखन शिकवलं. उताऱ्याचा एक तृतीयांश करा, शीर्षक द्या, पाच गुण मिळवा. त्याचा खरा उपयोग काय, असं एखादं चुणचुणीत पोर विचारायचं तेव्हा मी काहीतरी थातूरमातूर सांगायची. भाचीने मला रुग्ण सोपवताना करायचं निवेदन म्हणून दाखवलं. काय घडलं, कुठे इजा, आत्ताची नाडी-श्वास-शुद्ध, आणि आम्ही काय केलं. अर्ध्या मिनिटात. ‘वय चाळीस, पुरुष. दुचाकीवरून पडला, हेल्मेट नव्हतं, सुमारे पंचवीस मिनिटांपूर्वी. डाव्या मांडीचं हाड मोडलंय, डोक्याला मागे जखम. आधी शुद्ध चौदा होती, आता बारा. ऑक्सिजन दिलाय, मांडीला आधार बांधलाय, मान स्थिर केली आहे.’ शुद्धीचं हे मोजमाप १९७४ मध्ये ग्लासगोत तयार झालं. पूर्ण शुद्ध म्हणजे पंधरा, तळ तीन. त्या निवेदनातलं सगळ्यात मोलाचं वाक्य कोणतं? ‘आधी चौदा होती, आता बारा.’ नुसता बारा हा आकडा कॅज्युअल्टीतला डॉक्टर स्वतःच काढेल. तो घसरतोय हे सांगू शकणारं माणूस एकच आहे, जे वाटभर त्याच्याशेजारी बसून होतं. आणि हे वाक्य बोललं जातं तेव्हा आजूबाजूला चार नातेवाईक एकदम बोलत असतात, कुणी फोनवर असतो, कुणी रडतो. एका इस्पितळात तिचं बोलणं अर्ध्यावर तोडून ‘ठेवा तिकडे, बघतो’ असं सांगितलं गेलं होतं. ती आवाज न चढवता तिथेच उभी राहिली, आणि तेवढं एक वाक्य पुन्हा म्हणाली. मी असते तर आवाज चढवला असता, हे खात्रीने सांगते.

फक्त एकाच ठिकाणी सगळे आवाजाची वाट बघतात. पोटुशी बाई, चोर्लाघाट किंवा तसलाच वळणांचा रस्ता, आणि कळांवर कळा. बाळाचं डोकं दिसू लागलं की पायलटला गाडी बाजूला घ्यायला सांगायची. सासू म्हणते, अहो पळवा ना! नाही. चालत्या गाडीत, वळणावर, हातातून निसटणाऱ्या ओल्या बाळाला झेलायचं नसतं. ओढायचं नाही, नुसता आधार द्यायचा. बाळ आलं की पुसून कोरडं करायचं, आईच्या उघड्या छातीवर ठेवून वरून पांघरायचं, नाळ लगेच कापायची घाई करायची नाही. रडलं नाही तर पाठ चोळायची, तरीही नाही तर मिनिटभराच्या आत इवल्या मास्कने श्वास द्यायचे. भाची म्हणते, त्या मिनिटात गाडीतले सगळे, पायलटसुद्धा, श्वास धरून असतात. इथे जो ओरडेल तो जिंकला.

शिक्षणाचं स्वरूप आता कुठे आकार घेतंय. आपल्याकडे सुरुवात झाली ती विज्ञानाचे पदवीधर घेऊन काही आठवड्यांचं प्रशिक्षण देण्यापासून. आता पदवीचे अभ्यासक्रम आहेत, बहुतेक ठिकाणी तीन वर्षं शिक्षण आणि पुढे वर्षभर इंटर्नशिप. २०२१ मध्ये संसदेने संलग्न आरोग्य व्यवसायांसाठी राष्ट्रीय आयोगाचा कायदा केला आणि त्याच्या यादीत पॅरामेडिकचं नाव आलं. म्हणजे नोंदणी, ठरलेला अभ्यासक्रम, कामाच्या मर्यादा हे सगळं कागदावर यायची वाट मोकळी झाली. पण कागदाच्या पलीकडचं मला दिसतं ते असं: ही मुलं-मुली रात्रपाळ्या करतात, वर्षानुवर्षं कंत्राटावर असतात, आणि चाळिशीत कंबर गेली की पुढे काय याचं उत्तर कुणाकडे नसतं. नर्सला पुढे सिस्टर-इन-चार्ज व्हायची वाट असते, शिक्षकाला मुख्याध्यापक व्हायची. ईएमटीला वर चढायला जिनाच नाही. अनुभवी माणूस गाडीवरून उतरवून नव्यांना शिकवायला बसवावा, एवढी साधी गोष्ट तरी ठरायला काय हरकत आहे? पण ज्याचा आवाज मोठा त्याच्याकडे आधी बघायची आपली रीत सरकारी फायलींनाही लागू पडते, आणि ही माणसं संप करायला रस्त्यावर येतात तेव्हाच आपल्याला त्यांची संख्या कळते.

बघ्यांचंही थोडं. अपघातात मदत करणाऱ्याला पोलिसांनी त्रास देऊ नये, नाव सांगायची सक्ती करू नये, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१६ मध्ये मान्य केलं आणि २०१९ पासून ते कायद्यातच आहे. तरी आमच्याकडे अजून ‘नको रे, साक्षीला बोलावतील’ हेच चालतं. आणि पत्ता! नियंत्रण कक्षातली मुलगी पत्ता विचारते तर आमचे लोक सांगतात, ‘देवळाकडे, नाईकांच्या घरामागे.’ अख्खा वाडा नाईकांचा. वर चिडतात, प्रश्न कसले विचारता, गाडी पाठवा. तिच्या प्रश्नांची उत्तरं देत लाइनवर राहणं हीच मदत असते. एकाने मुख्य रस्त्यावर येऊन उभं राहायचं, रात्र असेल तर बॅटरी घेऊन. बस्स, एवढं केलं तरी खूप झालं.

गेल्या वर्षी मी भाचीला आमच्या भजनी मंडळात सीपीआर शिकवायला बोलावलं. तिने एक रबरी धड आणलं होतं. मिनिटाला १०० ते १२० दाब, खोली पाच ते सहा सेंटिमीटर, दाबल्यावर छाती पुरती वर येऊ द्यायची. बहुतेकांचं काय झालं, तर सुरुवातीला हळू, मग घाबरून द्रुत लयीत, आणि मिनिटभरात हात गळाले. एकटा आमचा पखवाजवाला न चुकता एकाच लयीत दाबत राहिला. ‘लय वाढवायची नाही, हे तर आम्हाला गुरुजींनी काठीने शिकवलंय,’ म्हणाला. भाचीने त्याला तिथल्या तिथे मदतनीस करून टाकलं. झांजवाल्यांनी नंतर बराच वेळ खोली आणि लय यांवर वाद घातला, तोही बऱ्यापैकी सूर लावून.

यंदा चवथीआधी पुन्हा ठेवायचं म्हणून मी समितीकडे गेले. भाचीची मागणी लहान: चार चटया, एक पंखा, आणि प्रत्येकाला धडावर निदान दोन मिनिटं. समितीने पत्रिका काढली आहे. तीत दीपप्रज्वलन आहे, स्वागतगीत आहे, तीन भाषणं आहेत, आभार आहेत. प्रात्यक्षिकाला दहा मिनिटं राखून ठेवली आहेत. मी भाषणं काढा म्हटलं तर अध्यक्ष म्हणाले, ‘बाई, मग प्रमुख पाहुण्यांना काय म्हणून बोलवायचं?’ मी म्हटलं, पहिलं धड त्यांना द्या. यावर सोमवारी बैठक आहे.